आज झाली का?

आमच्या घरात या वर्षात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. पुण्याहून जावईबापूंचा फोन आला की बायकोच्या तब्येतीच्याही आधी हा. अमरावतीच्या विहीणबाईंचा फोन आला की खुशाली विचारून होते न होते तोच हा. शेजारच्या काकू तर कपडे वाळत घालता घालता गच्चीवरूनच विचारायच्या, आणि ‘नाही’ म्हटलं की त्यांच्याकडे उपाय तयार. काय झाली, कोणाची झाली, हे कुणालाच सांगावं लागत नाही. घरात तान्हं बाळ आलं की त्याची शी हा कौटुंबिक विषय होतो. तिच्या रंगावर नि वेळेवर माणसं वरणभात कालवत चर्चा करतात आणि कुणाला काही वाटत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. पचनसंस्थेची आकृती फळ्यावर इतक्या वेळा काढली आहे की डोळे मिटूनही जठराचा बाक बरोबर येईल. यकृत उजवीकडे, स्वादुपिंड जठराच्या मागे, मोठं आतडं उजवीकडून वर, आडवं आणि डावीकडून खाली. पोरांना मार्क मिळत गेले, मला पगार मिळत गेला. पण ती आकृती मोठ्या माणसाची होती. लेक बाळंतपणाला माहेरी आली, मार्चच्या अखेरीस नात झाली, आणि त्या साडेतीन हात आकृतीपेक्षा फार वेगळं काहीतरी मांडीवर येऊन पडलं. तिला घरात सगळे ठकू म्हणतो. खरं नाव छान आहे, पण ते शाळेत जाईल तेव्हा वापरू.

ठकूची पहिली शी काळी-हिरवी, चिकट, पुसता पुसली न जाणारी. पोटात असताना गिळलेलं गर्भजल, आतड्याच्या अस्तराच्या गळलेल्या पेशी, पित्त, असा तो सगळा साठलेला माल. बहुतेक बाळांना ती पहिल्या २४ तासांत होते. ४८ तास उलटले तरी झाली नाही तर डॉक्टर आतड्यात कुठे अडलं आहे का ते बघायला लागतात. पुढे दोन दिवस हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी हळदीपिवळी, पातळ, पांढरट दाणे असलेली. हा रंग बदलला म्हणजे आईचं दूध आत पोचतंय आणि पुढे सरकतंय. आमच्याकडे त्या पिवळ्या दुपट्याचा फोटो पुण्याला गेला होता. लेकीच्या लग्नाचे फोटोसुद्धा इतक्या तातडीने कुणाला पाठवले नव्हते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत मात्र घरच्यांचा धीर सुटतो. ‘दूधच येत नाही’, ‘उपाशी आहे पोर’, ‘वरचं द्या थोडं’. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २ ते १० मिलिलिटर चीक जातो, आणि तेवढाच पुरतो. वजनही सुरुवातीला सात टक्क्यांपर्यंत, कधी दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांत परत भरून निघतं. हे आधी कुणी सांगितलेलं नसलं की वजनकाट्यावरचा दुसऱ्या दिवशीचा आकडा बघून आजीच्या पोटात गोळा येतो. मला माहीत होतं, तरी आलाच.

माझ्यातल्या मास्तरणीला खरं कुतूहल होतं ते आतल्या कामकाजाचं. मुदतीत जन्मलेल्या बाळाचं पोट म्हणजे नुकता ताबा मिळालेला फ्लॅट. भिंती उभ्या, दारं लागलेली, पण निम्म्या नळांना पाणी यायचंय. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज तयार असतं. पण पिठूळ पदार्थ पचवणारं स्वादुपिंडातलं अमायलेज पहिले काही महिने जवळजवळ नसतंच. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन कमी. स्निग्ध पदार्थ फोडायला लागणारे पित्तक्षारही कमी. मग चार टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेलं दूध पचतं कसं? तर आईच्या दुधातूनच एक लायपेज येतं, जे बाळाच्या आतड्यात पोचल्यावर पित्तक्षारांच्या संगतीत जागं होतं आणि तिथली चरबी फोडतं. म्हणजे डबाही आईचा आणि तो उघडून देणारी माणसंही आईचीच. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या पाठ्यपुस्तकात कधी आली नाही.

गाईच्या दुधाशी तुलना केली की हे अजून उलगडतं. आईच्या दुधात निवळीतली प्रथिनं जास्त आणि केसीन कमी, साधारण ६० ला ४०. गाईच्या दुधात उलट, २० ला ८०. केसीन जास्त म्हणजे पोटात होणारी दह्याची कवडी घट्ट, आणि ती रिकामी व्हायला वेळ. म्हणून अंगावर पिणारं बाळ दीड-दोन तासांत पुन्हा मागतं. ‘आत्ताच तर पाजलं, परत काय?’ असं बाळंतिणीला म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

आणि एक. आईच्या दुधात लॅक्टोज आणि चरबीच्या खालोखाल सगळ्यात जास्त काय असेल, तर काही गुंतागुंतीच्या शर्करा, दोनशेच्या आसपास प्रकारच्या. बाळाला त्यातली जवळपास एकही पचत नाही. मग आई एवढी मेहनत घेऊन त्या बनवते कुणासाठी? बाळाच्या मोठ्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियांसाठी. हे जिवाणू पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी तिसिए यांना १८९९ च्या सुमारास सापडले, तेही अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीतच. म्हणजे दुपट्याकडे टक लावून बघणारे आम्हीच पहिले नव्हे.

आता मे महिना. ज्यांनी नागपूरचा मे काढला आहे त्यांना सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही, कूलरच्या ताट्या सकाळ-संध्याकाळ भिजवायच्या आणि तरी भिंतीला हात लावला की चटका. नेमक्या याच दिवसांत ठकू सहा-सात आठवड्यांची झाली आणि रोज दिवेलागणीला रडायला लागली. साधं रडणं नव्हे. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, चेहरा लालबुंद, आणि काही केल्या थांबायचं नाव नाही.

मालिशला येणाऱ्या मावशींनी एका नजरेत निदान केलं. “गुबारा धरला बाई लेकराच्या पोटाले. काहून रडून राहिलं म्हणता? घुटी देत नाही तुम्ही.”

“डॉक्टर नको म्हणाले.”

“डाक्तराले काय समजते वो! माह्ये चारी लेकरं घुटीवरच मोठे झाले.”

मावशींची चारही लेकरं धट्टीकट्टी आहेत, त्यामुळे वाद घालायची सोय नाही. आमच्या घरातही सहाण आहे, आणि माझ्या सासूबाईंनी लावून दिलेली गुटीची डबी अजून आहे. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, सुंठ, जायफळ, अतिविष, काकडशिंगी. आईच्या दुधात एकेक उगाळायचं आणि मोजायचं वळशांवर. मुरुडशेंगेचे इतके वळसे, जायफळाचा एकच, कारण त्याने झोप येते. माझ्या दोन्ही लेकरांना ती सासूबाईंच्या हातून मिळाली. त्या वासाने आजही मला ते दिवस आठवतात. पण विज्ञानाच्या अंगाने बघितलं तर मला या पद्धतीत खटकतं ते मोजमाप. वेखंड जुनं की ताजं, सहाण खरखरीत की गुळगुळीत, हात कुणाचा किती जड, यावर त्या एका वळशात किती उतरलं ते ठरणार. वेखंड जास्त झालं तर उलट्या होतात, जायफळ जास्त झालं तर गुंगी येते, आणि चार-पाच किलोच्या जिवाला ‘जास्त’ व्हायला फार लागत नाही. शिवाय सहाण, बोट, पाणी, कुठूनही जंतू जायला वाट. जागतिक आरोग्य संघटना २००१ पासून पहिले सहा महिने फक्त आईचं दूध म्हणते. त्यात गुटीही नाही, मधाचं बोटही नाही, पाणीही नाही.

या पाण्यावरूनच घरात खरी चकमक झाली. आजोबांना नागपूरच्या उन्हाळ्यात एका जिवाला पाणी न देणं हे माणुसकीला सोडून वाटत होतं. दारातल्या चिमण्यांसाठी ते मातीचं भांडं भरून ठेवतात, आणि नातीला थेंब नाही? धंतोलीतल्या आमच्या बालरोगतज्ज्ञांनी त्यांना शांतपणे समजावलं. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या वर पाणीच असतं. उष्ण प्रदेशातल्या बाळांवरही हे तपासून झालं आहे, वेगळं पाणी लागत नाही. पाणी पाजलं की तेवढी पोटातली जागा भरते, दूध कमी जातं, आणि पाणी दूषित असेल तर जुलाब. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा थोडं थोडं पितं, ते पिऊ द्यायचं. पाणी आईने प्यायचं. दिवसातून सहा वेळा लंगोट ओले होत असतील तर घरातल्यांनी आपापल्या कामाला लागायचं. आजोबांनी त्या दिवसापासून तांब्या घेऊन लेकीच्या मागे फिरण्याचं काम स्वतःकडे घेतलं.

संध्याकाळच्या रडण्याला डॉक्टर कोलिक म्हणाले. १९५४ साली अमेरिकेत वेसल नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी त्याचं माप ठरवलं ते अजून चालतं. एरवी खाऊनपिऊन नीट असलेलं बाळ दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त, तीन आठवडे रडलं तर कोलिक. सहाव्या आठवड्याच्या आसपास ते टोकाला जातं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपलं आपण थांबतं. का होतं याचं एकच असं उत्तर आजही नाही, पण बरंच रडणं हे पोटाचं असतंच असं नाही. बाळ रडताना हवा गिळतं, मग पोट फुगतं, आणि आपण म्हणतो फुगलं म्हणून रडतंय.

यावर बाजारात उपाय भरपूर. ग्राइप वॉटर तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कपाटात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधवाल्याने ते १८५१ मध्ये बनवलं. शेपूच्या तेलाबरोबर त्यात साखर, सोडा आणि चक्क ३.६ टक्के अल्कोहोल होतं. बाळ शांत का व्हायचं हे आता सांगायला नको. अल्कोहोल पुढे निघून गेलं, नाव राहिलं. वायूवर देतात ते सिमेथिकोनचे थेंबही चाचण्यांमध्ये साध्या गोड पाण्यापेक्षा सरस ठरलेले नाहीत. आमचे डॉक्टर म्हणाले, उभं धरून फिरवा, दिवा मंद करा, पोटावर हात फिरवा. हात फिरवताना बाळाच्या उजव्या मांडीकडून वर, बरगडीखालून आडवा आणि डावीकडून खाली न्यायचा, मोठ्या आतड्याच्याच वाटेने. ही आकृती माझ्या हातात बसलेलीच होती.

मावशींनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टही काढली. मी अडवलं नाही. तव्यावर मोहरी तडतडेपर्यंत पाच मिनिटं निघून जातात, लेकीला बसायला मिळतं, आणि बाळाच्या पोटात काहीच जात नाही. कोलिकवरच्या उपायांमध्ये याहून निरुपद्रवी दुसरा मला माहीत नाही. एवढंच सांगितलं की धूर दुसऱ्या खोलीत.

दुसरी तऱ्हा त्याहून मजेची. एका सकाळी लेक धावत आली. “आई, ही जोर करून राहिली नं, किती वेळची! बद्धकोष्ठ झालंय हिला.” बघते तर ठकूचा चेहरा भोपळी मिरचीच्या बाजूला लाल मिरची ठेवावी तसा, कुंथणं, कण्हणं, पाय वर, मग एक किंकाळी. दहा-पंधरा मिनिटं हे नाटक, आणि शेवटी आलं काय तर तीच पातळ पिवळी शी. याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत. शी बाहेर टाकायची तर पोटाने जोर द्यायचा आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडायचे, हा मेळ बाळाला अजून जमलेला नसतो. ते वरून ढकलतं आणि खालून दार आवळून धरतं. रडण्यानेही पोटावर दाब येतो, म्हणून रडतं. काही आठवड्यांत शिकतं. काकूंनी सुचवलेला विड्याच्या पानाचा तेल लावलेला देठ, किंवा साबणाची कांडी, यातलं काही करायचं नाही. रोज खालून कुणी आठवण करून दिली तर स्वतः शिकायची गरज कुठे उरते?

मग तिसऱ्या महिन्यात तऱ्हा पालटली. आधी प्रत्येक पाजण्यानंतर एक, कारण जठर भरलं की मोठं आतडं हलतं. आणि आता एकदम सामसूम. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. फोनवर फोन. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला दीड महिन्यानंतर सात-आठ दिवस शी झाली नाही, पण पोट मऊ आहे, खेळतंय, वजन वाढतंय, आणि झाली तेव्हा मऊच झाली, तर काही बिघडलेलं नसतं. दुधातलं जवळपास सगळं अंगी लागतं, टाकायला फार उरत नाही. वरच्या दुधावरच्या बाळाचा हिशोब वेगळा, त्याला एवढी सूट नाही.

ढेकर काढण्याबद्दलही मला एक कळलं आणि मी चकित झाले. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत ७१ माय-लेकरांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना दर वेळी ढेकर काढायला शिकवलं, निम्म्यांना नाही. ढेकर काढल्याने कोलिक कमी झालं नाही, उलट त्या बाळांनी प्यायलेलं दूध जास्त वेळा बाहेर काढलं. आमच्याकडे तरीही ढेकर काढतात. खांद्यावर बाळ घेऊन पाठीवर हात फिरवण्यात आजोबांना जे सुख आहे ते ७१ माय-लेकरांच्या आकड्याने हटणारं नाही. दूध काढणं, म्हणजे पिऊन झाल्यावर ओठांच्या कोपऱ्यातून घोटभर परत येणं, हे चौथ्या महिन्यापर्यंत वाढतं आणि वर्ष-दीड वर्षात जातं. अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू अधूनमधून सैल पडतो एवढंच त्यामागे.

बाळंतिणीच्या खाण्याबद्दल मात्र मी भांडले. आमच्याकडे वांगं बंद, हरभऱ्याची डाळ बंद, कोबी बंद, तिखटाचं तर नाव नको. सांगणाऱ्यांचं म्हणणं, आईला वात झाला की बाळाला होतो. आईच्या आतड्यातला वायू दुधात उतरत नाही. चवी उतरतात, लसणीच्या, गाजराच्या, आणि ते चांगलंच, पुढे घरचं जेवण बाळाला परकं वाटत नाही. बाळाच्या शीत रक्त, शेंबूड दिसायला लागला तर गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी असू शकते, तेव्हा डॉक्टर आईचं दूधदुभतं थांबवून बघतात. त्याखेरीज लेकीने पुडाची वडी खाल्ली तर तिचं आणि बाळाचं दोघींचंही भलं. सावजीचा रस्सा तिने स्वतःच पुढे ढकलला, तो वेगळ्या कारणाने.

हसण्यावारी न्यायच्या नाहीत अशा गोष्टी डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून दिल्या होत्या, आणि ती चिठ्ठी आमच्या फ्रीजवर वर्षभर होती. हिरवी उलटी. दोन-तीन आठवड्यांच्या बाळाने प्रत्येक दुधानंतर लांब कारंजं उडवणं. फुगलेलं, कडक पोट. शीत रक्त. थांबून थांबून कळवळणं आणि मध्येच मलूल पडणं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप. यातल्या कशालाही सकाळची वाट बघायची नाही. आणि सगळ्यात खाली त्यांनी अधोरेखित केलं होतं, पांढरी शी. पिवळी, हिरवी, तपकिरी चालेल. पांढरट, राखाडी, मातकट चालणार नाही, कारण त्याचा अर्थ पित्त आतड्यात उतरत नाही. पित्तनलिका बंद असण्याच्या आजारावर जपानच्या मोरिओ कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया आहे, पण ती जन्मानंतर साठ दिवसांच्या आत झाली तर तिचा उपयोग जास्त. तैवानने २००४ पासून प्रत्येक बाळाच्या आईला शीच्या रंगांचं कार्ड द्यायला सुरुवात केली. कावीळ लांबली म्हणून ‘उन्हात धरा’ सांगणाऱ्या शेजारणी आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, शीचा रंग विचारणारी क्वचित. ‘आज झाली का’च्या पुढे ‘कशी झाली’ हे विचारायला हवं.

पावसाळा सरला आणि उष्टावणाची बोलणी सुरू झाली. विहीणबाईंचं म्हणणं, मुलगी आहे, विषम महिन्यात हवं, पाचवाच बरा. डॉक्टर म्हणत होते १८० दिवस पुरे होऊ द्या. दोन्हीकडून माणसं हट्टाला पेटली असताना आजोबांनी बोटं मोजून दाखवून दिलं की सहा महिने पूर्ण झाले म्हणजे सातवा लागला, आणि सात विषमच. शास्त्रही राहिलं, जागतिक आरोग्य संघटनाही राहिली. मध्ये पितृपक्ष आला, तेव्हा घटस्थापनेपर्यंत आणखी थोडे दिवस गेले. तेवढ्याने काही बिघडत नाही, पण त्याहून लांबवायचंही नाही. जन्मतः अंगात असलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्यापर्यंत सरत येतो आणि आईच्या दुधात लोह कमीच असतं. मामाने चांदीच्या वाटीतून खीर चाटवली, नावापुरती. मध मात्र मी वाटीत पडू दिला नाही. मधात बोट्युलिझमच्या, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या, जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातले जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळात ते रुजतात. बाळांमधला हा आजार १९७६ मध्ये ओळखला गेला. शुद्ध मध, जंगलातला मध, घरचा मध, सगळ्याला तोच नियम.

आणि वरणाचं पाणी. या एका पदार्थाने आपल्या किती पिढ्यांची बाळं हाडकुळी ठेवली असतील! डाळ शिजवायची, वरचं पिवळं पाणी बाळाला आणि खालची डाळ मोठ्यांना. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० उष्मांक लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००. पाण्यातून ते कुठून येणार? चमच्यातून ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात, दिवसातून दोन-तीनदा, दूध चालूच. आमच्या ठकूला मऊ भातात घोटलेली तूरडाळ आणि वर तूप, मग ज्वारीच्या कण्या, रताळं, पालक, अंडं, शेंगदाण्याचा बारीक कूट भातात कालवून. मीठ नाही, साखर नाही. आजोबांनी कण्या चाखून ‘हे कसं खाते बिचारी’ म्हटलं. बिचारीने वाटी चाटून पुसून ठेवली.

दुपट्याकडे बघण्याची गंमत आता खरी सुरू झाली. गाजर खाल्लं की गाजराचे तुकडे जसेच्या तसे. बीट खाल्लं की लाल, आणि पुण्याला घबराट. केळं खाल्लं त्या दिवशी शीत बारीक काळे दोरे दिसले. लेकीने जंत म्हणून फोटो काढला. मी चिमट्याने एक उचलून बघितला, हलला नाही. केळ्याच्या गाभ्यातले तंतू ते, नेहमीच असे काळे होऊन येतात. डिसेंबरात संत्र्याची फोड सोलून, बिया काढून, गर तेवढा दिला तर दुसऱ्या दिवशी नारिंगी कण. दात नाहीत, आतडं नवं, सालं नि तंतू तसेच निघणार.

याच दिवसांत तिला एकदा खरंच बद्धकोष्ठ झालं. ते दिसतंच वेगळं, सुक्या कडक लेंड्या. भात आणि केळं जास्त झालं होतं, पाणी कमी. वाटीने दोन-चार घोट पाणी, पपई, किसून वाफवलेली नासपती. नासपतीत सॉर्बिटॉल असतं, ते आतड्यात पाणी ओढून धरतं. दोन दिवसांत सुटलं. गाईचं दूध पेल्याने द्यायला मात्र वर्ष पुरं होईपर्यंत हात लावला नाही, कारण त्यात लोह नगण्य आणि कोवळ्या आतड्यातून त्याने नकळत थोडं थोडं रक्त जाऊ शकतं.

अकराव्या महिन्यात जुलाब. “दात येऊन राहिले,” सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. दातांनी जुलाब होत नाहीत. दात येतात तेव्हाच पोर रांगतं, चप्पल, चावी, कूलरची नळी, मिळेल ते तोंडात घालतं, आणि आईकडून आलेली प्रतिकारद्रव्यंही तोपर्यंत ओसरलेली असतात. रोटाव्हायरसची लस तिला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना दिली होती. सरकारी लसीकरणात ती २०१६ पासून यायला लागली, त्यामुळे त्या विषाणूची तरी धास्ती कमी. बाकी जंतू आहेतच. डॉक्टरांनी दिलं ते ओआरएस आणि झिंक. एक पूर्ण पाकीट, एक पूर्ण लिटर पाणी. अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या भांड्यात, असलं काही नाही. प्रत्येक जुलाबानंतर चमच्या-चमच्याने. जेवण आणि आईचं दूध चालू. हे मीठ-साखरेचं पाणी १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून वाटलं, आणि कॉलऱ्याने मरणाऱ्यांचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आणलं. आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा ते चमचा हातात धरून थोडा वेळ तसेच बसले, मग म्हणाले, “पाणी द्यायचं नाही म्हणाला होतात नं तुम्ही?”

जुलाब चौथ्या दिवशी थांबले. झिंक १४ दिवस द्यायचं असतं, २० मिलिग्रॅम रोज, थांबल्यावरही. आतड्याचं अस्तर त्याने लवकर भरून येतं आणि पुढचे दोन-तीन महिने जुलाबाचा धोका कमी राहतो. पण जुलाब थांबले की औषध थांबवायची आपली सवय. लेक म्हणाली, आता कशाला? जावईबापू म्हणाले, बरी आहे की. ठकूने तर झिंकची चव ओळखून ओठ आवळायला सुरुवात केली होती. एक जण टाळ्या वाजवणार, दुसरा गालाच्या आतून हळूच चमचा सोडणार, असं करून आम्ही ती बाटली संपवली. अमरावतीहून फोन आला तेव्हा ठकू माझ्या मांडीवर बसून रिकामी बाटली चावत होती. मी म्हटलं, “झाली. घट्ट, तपकिरी, वास येणारी. अगदी आपल्यासारखी.”